ठाण्याला ‘टाकलं’ म्हणजे नेमकं काय?

कळव्याला आमच्या चाळीत कुणी जरा वेडंवाकडं वागलं की एक वाक्य ठरलेलं असायचं, “ह्याला आता ठाण्याला टाका.” खाडी ओलांडली की ठाणं, म्हणजे म्हणणारा रोज तिकडे ये-जा करणारा, तरी ह्या वाक्यातलं ‘ठाणं’ म्हणजे कुठलं हे कुणाला विचारावं लागत नसे. पुण्याकडची माणसं हेच येरवड्याचं नाव घेऊन म्हणतात. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं ठाण्याचं १९०१ सालचं, शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. सव्वाशे वर्षांच्या त्या रुग्णालयाचं नाव आपण शिवीसारखं वापरत आलो.

मला त्या वाक्यातल्या गावापेक्षा क्रियापद जास्त टोचतं. टाका. मुलाला शाळेत टाकलं असंही आपण म्हणतो, पण ते संध्याकाळी दप्तर घेऊन घरी येतं. ठाण्याला टाकलेल्या माणसाचं परत येणं त्या वाक्यात कुणी धरलेलंच नसतं. आजचा कायदा म्हणतो की माणसाला असं टाकता येत नाही. तो स्वतः दाखल होऊ शकतो, किंवा ठरावीक कारणांसाठी, ठरावीक दिवसांसाठी त्याला दाखल करता येतं, आणि त्यातल्या प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, स्किझोफ्रेनिया आहे. त्याला दोनदा दाखल करावं लागलं. एकदा २०११ मध्ये, जुन्या कायद्याच्या काळात, आणि एकदा २०२३ मध्ये. ठाण्यात रुग्णांच्या नातेवाइकांचा एक गट महिन्यातून एकदा भेटतो, तिथे मी जाते. नवीन येणाऱ्या माणसांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि निम्मा गोंधळ शब्दांचा असतो. म्हणून आधी शब्द बघू.

सगळ्यात जुना घोटाळा मनोरुग्ण आणि मतिमंद ह्या दोन शब्दांचा. बुद्धीची वाढच लहानपणापासून कमी असणं ही बौद्धिक अक्षमता. तो मानसिक आजार नाही, आणि कायद्यानेही मानसिक आजाराच्या व्याख्येतून तिला स्पष्ट बाहेर ठेवलंय. मानसिक आजार चांगल्या शिकल्यासवरल्या, हुशार माणसाला होतो, आणि त्यात त्याची बुद्धी पुष्कळदा शाबूत असते. दादा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आजार ऐन भरात असतानाही त्याला स्वतःचा पीएफ नंबर तोंडपाठ होता.

मग भास आणि भ्रम. बोलताना आपण दोन्ही एकत्र करतो, डॉक्टर करत नाहीत. समोर काही नसताना आवाज ऐकू येणं, माणूस दिसणं, वास येणं, हा भास. म्हणजे गडबड कान-डोळ्यांच्या अनुभवात. भ्रम म्हणजे पक्की बसलेली खोटी समजूत, जी पुरावा दाखवूनही हलत नाही. घरात त्याला ‘संशय’ म्हणतात. दादाला २०२३ च्या पावसाळ्यात भास फारसे नव्हते, भ्रम होता: घरातल्या अन्नात कुणीतरी विष कालवतंय. आणि भ्रमाला स्वतःचं तर्कशास्त्र असतं, हे मी तेव्हा जवळून पाहिलं. तो फक्त साल असलेल्या गोष्टी खायचा. केळी, मोसंबी, आणि कवचासकट ताटात आलेलं उकडलेलं अंडं, जे तो स्वतः सोलायचा. सोलण्याआधी प्रत्येक केळं ट्यूबलाइटखाली धरून फिरवायचा, कुठे सुईचं भोक आहे का बघायला. डागाळलेलं केळं बाजूला. आईने केलेल्या भातावर झाकण ठेवलं की तो म्हणायचा, “झाकण काय, कुणीही उघडेल. साल एकदा निघाली की परत चिकटवता येत नाही.” ह्या वाक्यात चूक दाखवून द्या. मला तरी दाखवता आली नाही. दीड महिन्यात त्याची पँट सुतळीने बांधायची वेळ आली.

आमच्या मावशीच्या अंगात नवरात्रात देवी येते. तेव्हा तीही आवाज ऐकते, वेगळ्या आवाजात बोलते. मग ती आजारी का नाही? कारण तिच्या भोवतालच्या सगळ्यांना ते कळतं, ते ठरलेल्या वेळी येतं, ठरलेल्या वेळी जातं, आणि दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापते. एखादी समजूत भ्रम आहे की नाही हे ठरवताना डॉक्टर माणूस ज्या समाजात वाढला त्याची रीतभात जमेस धरतात. कायद्याने तर हे लिहूनच ठेवलंय: कुणाचा धर्म, जात, राजकीय मत, आर्थिक स्थिती पाहून, किंवा माणूस चारचौघांच्या नीतिकल्पनांत बसत नाही म्हणून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. जातीबाहेर लग्न करायचंय म्हणणारी मुलगी, नोकरी सोडून कीर्तनात रमलेला मुलगा, हे घरच्यांना कितीही खुपले तरी तो आजार नाही. निदान हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणासारख्या मान्य निकषांवरच व्हायला हवं.

सायकोसिस हा शब्द ऐकला की नातेवाईक हादरतात. तो एका आजाराचं नाव नाही, अवस्थेचं आहे, तापासारखं. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडनेही येतो. तसं वास्तवाशी नातं तुटण्याची ही अवस्था स्किझोफ्रेनियात येते, मनःस्थिती टोकाची वर-खाली होणाऱ्या बायपोलरमध्ये येऊ शकते, फार तीव्र डिप्रेशनमध्ये, दारूच्या अतिरेकात, कधी बाळंतपणानंतरच्या दिवसांतही. आणि स्किझोफ्रेनिया म्हणजे ‘एका माणसात दोन माणसं’ नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हा शब्द घडवला तो ग्रीक शब्दांवरून, ‘दुभंगलेलं मन’ अशा अर्थाने. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं ह्यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते. मराठीतला छिन्नमनस्कता हा शब्दही तेच सांगतो, पण सिनेमांनी तोवर दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाची गोष्ट डोक्यात पक्की करून टाकली होती. उलट मंत्रचळ हा आपला शब्द मला फार नेमका वाटतो. तेच तेच हात धुणं, कुलूप दहा वेळा ओढून बघणं, ज्याला आज ओसीडी म्हणतात. मंत्रचळ झालेल्याला आपण करतोय ते निरर्थक आहे हे बहुधा कळत असतं, थांबवता येत नसतं. दादाचं उलट. त्याला आपण आजारी आहोत हेच पटत नव्हतं. डॉक्टर ह्याला ‘इनसाइट नाही’ म्हणतात, आजाराची जाण नसणं. हा हट्ट नसतो, ते आजाराचंच एक लक्षण असतं. हे समजायला आमच्या घराला बारा वर्षं लागली, आणि त्या बारा वर्षांत आम्ही त्याच्याशी जे वाद घातले ते आठवले की मला आजही वाईट वाटतं.

वर्तमानपत्रांत ‘माथेफिरू’ आणि ‘मनोरुग्ण’ एकाच अर्थाने छापतात. तसं छापू नये एवढंच म्हणते.

आता कायदा. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘लूनसी’ होतं, चंद्रामुळे वेड लागतं ह्या जुन्या समजुतीतून आलेला शब्द. मग १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. सध्याचा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चा, २०१८ पासून अमलात आलेला. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, आकलन, स्थळकाळाचं भान किंवा स्मृती ह्यांतला असा मोठा बिघाड येतो, ज्याने माणसाचा विवेक, वागणं, वास्तव ओळखण्याची शक्ती किंवा रोजचं जगणं फार बिघडतं. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही त्यात येतात. म्हणजे माणसांना दाखल करून घेऊन उपचार करणारी व्यसनमुक्ती केंद्रंही ह्या कायद्याबाहेर नाहीत. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. पनवेलपासून बदलापूरपर्यंत कुठेही चौकशीला गेलात तर फीच्या आधी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा.

हे मी का सांगते? २०११ मध्ये आम्ही विचारलं नव्हतं. कुणीतरी एका खासगी केंद्राचा नंबर दिला. रात्री साडेदहाला पांढरी गाडी आली, दोन माणसं वर आली, दादाला दोन्ही दंडांना धरून जिन्याने खाली नेलं. अनवाणी. गॅलऱ्यांमध्ये सगळी चाळ उभी. आई त्याच्या चपला हातात घेऊन गाडीमागे नाक्यापर्यंत धावली. बाबांनी एका कागदावर सही केली होती, तो आमच्यापैकी कुणी वाचला नव्हता. तेव्हाच्या कायद्यात नातेवाइकांचा अर्ज आणि दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं असली की माणसाला ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. त्याला काय वाटतं हे आम्ही विचारलं नाही, तिथेही कुणी विचारलं नाही. पहिला महिनाभर भेटूही दिलं नाही.

नवा कायदा सुरुवातच उलट्या टोकाने करतो. माणूस मानसिक आजारी असला तरी स्वतःच्या उपचारांचा निर्णय तो घेऊ शकतो, हे आधी गृहीत धरायचं. ह्याला निर्णयक्षमता म्हणतात. डॉक्टर बघतात ते असं: दिलेली माहिती त्याला समजते का, दाखल झाल्याने किंवा न झाल्याने काय होईल हे त्याला उमगतं का, आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने, कसाही सांगू शकतो का. माहितीही त्याला कळेल अशा सोप्या भाषेत द्यायची. आणि त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं म्हणता येत नाही.

२०२३ मध्ये डॉक्टरांनी दादाला विचारलं, “आज वार कोणता?” त्याने वार सांगितला, तारीख सांगितली, ठाण्याचा पिनकोडही सांगितला. “तुमचं वजन किती उतरलंय माहितेय?” “अकरा किलो.” “असंच चाललं तर काय होईल?” तो म्हणाला, “मी जिवंत राहीन. जे घरचं खातात ते मरतील.” डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी दादाच्याच समोर, त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, की तुम्हाला सगळं आठवतंय, तुमची बुद्धी उत्तम आहे, पण अन्नाच्या ह्या एका बाबतीत आजार तुमच्या वतीने बोलतोय, म्हणून आत्ता आम्हाला ताईंची मदत घ्यावी लागेल. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याच्याबद्दल त्याच्याशी बोलत होतं.

दाखल होण्याची पहिली वाट स्वतंत्र दाखल्याची. माणूस स्वतः येतो, स्वतः सही करतो, आणि घरी जायचं म्हटलं की त्याला सोडावं लागतं. फक्त प्रकृती खरंच गंभीर वाटली तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. होईल तितके दाखले ह्याच पद्धतीने व्हावेत असं कायद्याचं म्हणणं आहे, आणि गटातल्या नवीन लोकांना ह्याचंच सगळ्यात नवल वाटतं. लोक दमा वाढला की दाखल होतात तसे डिप्रेशन वाढलं की स्वतःहून दाखल होतात, तेही पुष्कळ.

दुसरी वाट ८९ व्या कलमाची, आधार देऊन केलेल्या दाखल्याची, आणि दादासाठी आम्ही तीच धरली. अर्ज करतो तो नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेलं माणूस. दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन जणांनी त्या माणसाला वेगवेगळं तपासावं लागतं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक (मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्णांची परिचारिका असं कुणी) किंवा डॉक्टर. आणि तीनपैकी एक तरी गोष्ट त्यांना दिसली पाहिजे: अलीकडे त्याने स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, किंवा तो दुसऱ्याच्या अंगावर धावून गेला, दुसऱ्याला मारहाणीची भीती वाटेल असं वागला, किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला इतकं जमेना की त्यालाच अपाय होण्याचा धोका झाला. दादाच्या बाबतीत तिसरी होती. ‘फार बोलतो’, ‘रात्रभर जागतो’, ‘घराण्याची अब्रू जाते’ ही कारणं त्यात नाहीत. शिवाय ह्याहून कमी बंधनाचा दुसरा उपाय उरलेला नाही, हेही त्यांना लिहून द्यावं लागतं.

हा दाखला जास्तीत जास्त ३० दिवसांचा. दर सात दिवसांनी निर्णयक्षमता परत तपासायची. जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखाली मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळं असतात, त्यांना सात दिवसांत कळवायचं. रुग्ण बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. रुग्णाला स्वतः मंडळाकडे दाद मागता येते, मोफत कायदेशीर मदत मिळते. ३० दिवसांनंतरही ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञ लागतात आणि मंडळाची मान्यता लागते, आणि तेव्हाही मुदत आधी ९० दिवसांची, मग १२०, मग १८०. तारखेविना कुणालाच ठेवता येत नाही. अल्पवयीन मुलांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. त्यांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही आणि सोबत घरचं माणूस राहावं लागतं.

“पण तो गाडीत बसतच नाही हो!” गटात हे वाक्य दर महिन्याला येतं. त्यासाठी ९४ वं कलम आहे. जीव जाण्याची, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची, किंवा आजारापायी मालमत्तेची मोठी नासधूस होण्याची वेळ आली असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, घरी येऊनही, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य रुग्णालयात नेणंही त्यातच धरलंय. मुदत ७२ तास. शॉक ट्रीटमेंट ह्या तातडीत देता येत नाही. एरवीही भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ती देण्यावर बंदी आहे, तशीच माणसाला साखळीने बांधण्यावर. तमिळनाडूत एरवाडीला २००१ मध्ये आग लागली तेव्हा खाटांना साखळ्यांनी जखडलेली २८ माणसं जळून मेली. त्या बंदीमागे ती २८ माणसं आहेत, हे मी विसरू शकत नाही.

रस्त्यावर भटकणारा, स्वतःचं भान नसलेला माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं काम आहे. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. घरातच कुणाला कोंडून, उपाशी ठेवलं असेल तर पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था अशाच रस्त्यावरच्या माणसांना बरं करून गावी पोचवते; २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोपरीच्या पुलाखाली किंवा वाशी स्टेशनबाहेर बसलेला जटा वाढलेला माणूस कुणाच्या तरी घरून हरवलेला असतो.

निदान झालं म्हणून माणूस आपोआप ‘अनसाउंड माइंड’, म्हणजे कायद्याच्या भाषेत मन ठिकाणावर नसलेला, ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवतं. माहेरी पाठवलेल्या बायकोची औषधाची चिठ्ठी घेऊन ‘ती वेडी आहे’ म्हणत फिरणाऱ्या नवऱ्यांना हे ठणकावून सांगा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला शिक्षा नाही. तो तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला उपचार द्यायचे. विमा कंपनीनेही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

आणि एक कलम आहे ज्याच्यावर आमच्या गटात भांडणं होतात: घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. बरा झालेला माणूस समाजात राहायला हवा. मला हे शंभर टक्के पटतं. पण सत्तरीच्या आईने दिवा उपनगरातल्या एका खोलीत पन्नाशीच्या मुलाला एकटीने सांभाळायचं कसं, ह्याला कलम उत्तर देत नाही. त्यासाठी रुग्णालय आणि घर ह्यांच्या मधल्या मुक्कामाची घरं हवीत, आणि ती गरजेच्या मानाने फार तोकडी आहेत. हक्क लिहिला, घर बांधलं नाही. सरकारने हे काम अर्धवट टाकलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

दादाला तेराव्या दिवशी परत तपासलं. त्या सकाळी त्याने वॉर्डातल्या ताटातली आमटी खाल्ली होती. सावधपणे, पण खाल्ली होती. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्या बहिणीची सही नको, तुम्हीच ठरवा. राहायचं तर स्वतंत्र रुग्ण म्हणून स्वतः सही करा. त्याने फॉर्म दोनदा वाचला, आडनावातली वेलांटी चुकली होती ती पेनाने दुरुस्त केली, आणि सही करून आठ दिवस आणखी राहिला.

घरी आल्यावर आम्ही दोन कागद केले. कोणत्याही सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं की उद्या माझी निर्णयक्षमता गेली तर मला कोणते उपचार चालतील, कोणते नाही. ह्याला आगाऊ निर्देश म्हणतात. ते मंडळाकडे नोंदवता येतात, आणि पुढे डॉक्टरांना किंवा घरच्यांना ते बाजूला ठेवायचे झाले तर मंडळाकडेच जावं लागतं; तातडीच्या उपचारांना मात्र ते लागू होत नाहीत. दुसरा कागद प्रतिनिधी नेमण्याचा, साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याचा ठसा पुरे. प्रतिनिधी नेमलेला नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, असा क्रम लागतो. भावजय की नणंद हा वाद तिथेच सुरू होतो, म्हणून बरं असताना नेमून ठेवावा. दादाने माझं नाव लिहिलं.

आगाऊ निर्देशाचा मसुदा त्याने स्वतः केला, ड्राफ्ट्समनच्या त्या सरळ अक्षरात. पहिल्या ओळीत चालणाऱ्या औषधाचं नाव, दुसरीत न चालणाऱ्याचं, कारणासकट. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘न्यायची वेळ आली तर दिवसा न्यावे आणि मला चपला घालू द्याव्यात.’